पासष्ट वॅट गेले कुठे?

प्रश्न : माझ्या लॅपटॉपचा टाइप-सी चार्जर ६५ वॅटचा आहे. तोच रास्पबेरी पाय ५ ला लावला तर बोर्ड सुरू होतो, पण यूएसबी हार्ड डिस्क जोडली की अडतो. लॅपटॉप चालवणाऱ्या चार्जरला तळहाताएवढा बोर्ड का झेपत नाही? पुढे तो डाळिंबाच्या बागेत बसवायचाय. तिथे थ्री-फेज लाइट आठच तास असते.
– एक वाचक, इंदापूर

उत्तर : चार्जरच्या पाठीवरचा बारीक मजकूर वाचा. ६५ वॅट म्हणजे २० व्होल्ट गुणिले ३.२५ अँपिअर. लॅपटॉप चार्जरकडून २० व्होल्ट मागून घेतो. पाय मात्र ५ व्होल्टच्या वर काही मागतच नाही आणि ५ व्होल्टच्या ओळीत बहुतेक चार्जरांवर ३ अँपिअर असतात. झाले १५ वॅट. बाकीचे पन्नास तुमच्या बोर्डाच्या काहीच कामाचे नाहीत. ५ अँपिअर मिळणार नाहीत असं दिसलं की पाय ५ सगळ्या यूएसबी पोर्टांना मिळून फक्त ६०० मिलिअँपिअर देतो; मिळाले तर १.६ अँपिअर. डिस्क अडते ती इथे. कंपनीचा २७ वॅटचा अडॅप्टर ५ अँपिअरचा आहे, तो घ्या.

त्यावर व्होल्ट ५ नाहीत, ५.१ आहेत. का, ते इंदापूरकरांना काय सांगायचं? उन्हाळ्यात उजनीचं पाणी मागे सरकलं की मोटार पुढे न्यायची, केबल लांबवायची, आणि केबल बारीक असेल तर टोकाला व्होल्टेज पडलेलं बघायचं. इथेही तेच. २८ गेजच्या स्वस्त यूएसबी केबलचा रोध मीटरभर लांबीला, जाण्या-येण्याची तार धरून, सुमारे ०.४३ ओहम. २ अँपिअरला ०.८५ व्होल्ट वाटेतच जातात, बोर्डापाशी ४.१५ उरतात, आणि ४.६३ च्या खाली गेलं की पाय कमी व्होल्टेजचा इशारा देतो. २० गेजच्या तारेत ही घट ०.१३ एवढीच. मोटारीला ४१५ मधला एक व्होल्ट गेल्याचा पत्ताही लागत नाही, ५ मधला गेला तर बोर्ड बसतो.

आता बाग. नुसती जमिनीची ओल मोजायची असेल तर पाय ५ कशाला हवा? बारामतीच्या अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या ऊस प्रयोगातही शेतात सेन्सर आणि हवामान केंद्र असतं, जड गणित क्लाउडवर होतं. ओलीसाठी मोजणीपुरता जागा होऊन पुन्हा झोपणारा ईएसपी३२ पुरतो, तोही छोट्याशा बॅटरीवर.

कॅमेऱ्यासाठी पायच हवा असेल तर हिशेब करा. सरासरी ४ वॅट धरले तरी दिवसाचे ९६ वॅट-तास होतात. यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची बॅटरी कागदावरच ८४ देते, आणि शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये. म्हणजे मोठी बॅटरी आणि सोलर पॅनेल आलं. बॅटरीपासून बोर्डापर्यंत १२ व्होल्टच न्या आणि ५ व्होल्टचा बक कन्व्हर्टर बोर्डाला खेटून बसवा. बोर्ड जोडण्याआधी मल्टिमीटर लावून कन्व्हर्टरचा स्क्रू ५.१ वर आणा. नवा कन्व्हर्टर कितीवर लावून आलाय याचा नेम नसतो.