संमीलन ऊर्जा आणि कणझोतांची आच

अणुशक्तीच्या शांततामय उपयोगांसंबंधी पहिली आंतरराष्ट्रीय परिषद १९५५ साली जिनिव्हा येथे भरली होती. भारतीय अणुसंशोधनाचा पाया घालणारे डॉ. होमी भाभा हे तिचे अध्यक्ष होते. अणुकेंद्रांच्या संमीलनातून मिळणारी ऊर्जा ताब्यात ठेवून वापरण्याचा मार्ग दोन दशकांत सापडेल, असे भाकित त्यांनी त्या वेळी केले. ते ठरल्या मुदतीत खरे झाले नाही. परंतु त्या मार्गातील एक मोठा अडसर १९७८ साली दूर झाला. तो कसा, हे समजून घेण्यासारखे आहे.

ड्यूटेरियम व ट्रिटियम ही हायड्रोजनचीच जड रूपे. त्यांची केंद्रे एकत्र आली की हेलियम तयार होतो आणि विपुल ऊर्जा बाहेर पडते. मात्र ही केंद्रे धनभारित असल्याने परस्परांना दूर लोटतात. त्यांना जवळ आणण्यासाठी वायू दहा कोटी अंश सेल्सिअसच्याही वर तापवावा लागतो. अशा तापमानाला वायूचा आयनद्रायू, म्हणजेच प्लाझ्मा होतो. कोणत्याही भांड्याची भिंत त्याला धरू शकत नाही. म्हणून टोकामाक नावाच्या कड्याच्या आकाराच्या यंत्रात त्याला चुंबकीय क्षेत्राने अधांतरी धरून ठेवतात.

आच कशी द्यावयाची?

शेगडीची तार विजेच्या प्रवाहाने तापते, तसाच आयनद्रायूही प्रारंभी प्रवाहाने तापतो. पण तो जसजसा तापतो, तसतसा त्याचा विद्युत् रोध घटत जातो आणि प्रवाहाने मिळणारी उष्णता अपुरी पडू लागते. पुढची आच बाहेरूनच द्यावी लागते.

गार झालेल्या पाण्यात बंबातील कढत पाणी ओतावे, त्याप्रमाणे अतिवेगवान कण आत सोडले तर आयनद्रायू तापेल हे उघड होते. अडचण एवढीच की, जे चुंबकीय क्षेत्र आतील भारित कणांना बाहेर पडू देत नाही, तेच बाहेरच्या भारित कणांना आतही येऊ देत नाही. भार नसलेल्या कणांना विद्युत् दाबाने वेग देता येत नाही.

यावर योजलेली युक्ती अशी : प्रथम भारित कणांना वेग द्यावयाचा, मग त्यांना विरळ वायूतून नेऊन वाटेतच त्यांचा भार उतरवावयाचा. हे उदासीन कण चुंबकीय क्षेत्र बिनदिक्कत ओलांडतात. आत टक्कर होताच ते पुन्हा भारित होतात, तेथेच अडकतात आणि आपली ऊर्जा आयनद्रायूला देतात.

प्रिन्स्टनचा प्रयोग

अमेरिकेत प्रिन्स्टन येथील मोठ्या टोकामाकावर हॅरोल्ड युबँक व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही युक्ती कसोटीला लावली. ओक रिज प्रयोगशाळेने बनविलेली चार झोतयंत्रे त्यांनी वापरली. त्या वेळी तज्ज्ञांना एक धास्ती होती. फार तापलेल्या आयनद्रायूत कणांच्या टकरी विरळ होतात. त्यामुळे आत खळबळ माजून उष्णता निसटून जाईल आणि तापमान वाढायचे थांबेल, असे काहींचे गणित सांगत होते. १९७८ च्या उन्हाळ्यात सुमारे दोन मेगावॅट शक्तीच्या झोतांनी आयनांचे तापमान सहा कोटी अंशांपर्यंत, म्हणजे सूर्याच्या गाभ्याच्या चौपट, नेले. धास्ती घातलेला अनर्थ घडला नाही.

पुढील वाटचाल

मोठ्या यंत्राच्या गाभ्यापर्यंत पोहोचण्यास कणांना अधिक वेग लागतो. परंतु फार वेगवान धनभारित कणांचा भार वायूत सहजी उतरत नाही. यासाठी ऋणभारित कण वापरतात. त्यांच्यावरील जादा इलेक्ट्रॉन चटकन सुटतो. फ्रान्समध्ये उभारल्या जात असलेल्या ‘इटर’ प्रकल्पासाठी दहा लक्ष व्होल्टची अशी झोतयंत्रे योजली आहेत. भारत या प्रकल्पाचा भागीदार असून, आयनद्रायूचे निदान करणाऱ्या कणझोताची जबाबदारी भारताकडे आहे. गांधीनगरजवळील प्लाझ्मा संशोधन संस्थेत हे काम चालते.

इंग्लंडमधील ‘जेट’ यंत्राने २०२३ साली एका प्रयोगात ६९ मेगाज्यूल संमीलन ऊर्जा मिळविली. घरगुती मीटरच्या भाषेत ती सुमारे १९ युनिट होते. आयनद्रायू तापविण्यासाठी दिलेली ऊर्जा मात्र त्याहून अधिक होती. चूल पेटविता येते, हे सिद्ध झाले आहे. घातलेल्या सरपणापेक्षा अधिक आच तिच्यातून मिळविणे, हे चुंबकीय टोकामाकापुढील कार्य अद्याप शिल्लक आहे.