पोथीला उजेड किती?

मांडव्याहून लाँचने गेटवेला उतरले की जवळच छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे. ते १९२२ साली लोकांसाठी उघडले. अशा ठिकाणी जुनी चित्रे, पोथ्या मंद उजेडात ठेवतात. काही म्हणतात, "मोठा दिवा लावायला काय जाते?" जातो तो रंग! दाराजवळचे कॅलेंडर उन्हाने कसे विटते, पाहिलेत ना? उडालेला रंग परत येत नाही.

मीटरभर अंतरावरून मेणबत्तीचा जो उजेड पडतो, तो सुमारे १ लक्स. जुन्या कागदाला असे ५० लक्स पुरेत. दुपारचे ऊन लाखाच्या घरात जाते.

म्हणून आता जुने दिवे काढून एलईडी बसवतात. ट्यूबमधून थोडे अतिनील किरण निघतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण रंग खातात. एलईडीत ते जवळजवळ नसतात. तरी उजेड तो उजेडच. पाहणारा गेला की दिवा मालवावा. वाचणाऱ्याला मात्र टेबलावर वेगळा, चांगला दिवा हवा.