येणेबाकीसह

खालापूर तालुक्यातील आमची भातगिरणी विकण्याचा निश्चय झाला तेव्हा हंगाम ऐन भरात होता. 'कर्जत ३'च्या गोण्यांनी पडवी भरलेली, एका कानाशी मुनीम भरडाईचा हिशेब सांगतो आहे, दुसऱ्या कानाशी दलालाचा फोन, आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पुरा झाल्यापासून आमच्या बाजूस वाढलेली गिऱ्हाइकांची वर्दळ दारात उभी, अशा अवस्थेत एका रात्री मी साठेखतावर सही केली. रक्कम तीनदा वाचली. 'यंत्रसामग्री, बारदान व येणेबाकीसह' हे शब्द एकदाही नाही.

परतीच्या पावसात ज्यांचे भात आडवे झाले, अशा सतरा शेतकऱ्यांना मृगात दिलेली उचल पुढल्या दिवाळीस फेडण्याची मुदत मी तोंडी दिली होती, आणि ती वही त्या एका शब्दाने परक्याची झाली. साठेखताने मालकी जात नाही, असे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात आहे, एवढ्या अर्धवट ज्ञानावर मी निर्धास्त होतो. कबूल केलेला व्यवहार पुरा करून घेण्यास खरेदीदार दिवाणी न्यायालयात जाऊ शकतो, हे वकिलांनी मागाहून सांगितले. पौषातच तगादे सुरू झाले.

खरेदीखतापूर्वी मात्र शहाणपण आले. गिरणी मुनिमावर सोपवून दोन दिवस सकाळी महडला गेलो आणि १७२५ साली बांधलेल्या वरदविनायकाच्या देवळामागील तळ्याकाठी मसुदा घेऊन बसलो. (दर्शन हे निमित्त, तेथे हिशेब विचारणारे कोणी नव्हते, हे खरे कारण.) पहिली सकाळ नुसत्या दराच्या विचारात गेली, दुसऱ्या दिवशी गिरणीमागच्या खोलीत राहणारे दोन हमाल आठवले, आणि त्यांस वर्षभर तेथे राहू द्यावे, असे कलम घालता आले.

म्हणून ज्यांस धंदा विकावयाचा आहे त्यांनी गिऱ्हाईक शोधण्यापूर्वी रोजचा कारभार दुसऱ्याच्या हाती द्यावा, हंगामात बोलणी करू नयेत, दिवेलागणीनंतर सही करू नये, आणि मसुदा घरातल्या कोणाकडून मोठ्याने वाचवून घ्यावा; माझ्या पत्नीने तो ऐकला असता तर 'येणेबाकी' या शब्दापाशी तिने मला थांबवले असते.

सतराही जणांची बाकी मी विक्रीच्या पैशांतून चुकती केली. वही परत मिळाली नाही.