दुपारच्या उन्हात मॉडेल जेट

प्रश्न : रिमोटवरचे मॉडेल जेट सकाळी छान उडते; दुपारी मात्र लवकर उचलत नाही, कधी टर्बाइनही बंद पडते. टर्बाइन बदलावे का? – एक वाचक, शारजा

उत्तर : आपण घाई करू नये. १५ अंशांच्या तुलनेत ४५ अंशांना हवेची घनता सुमारे ९ टक्के घटते, त्यामुळे टर्बाइनचा रेटा, म्हणजे पुढे ढकलणारे बल, आणि पंखांची उचल दोन्ही कमी होऊन धाव लांबते. हा बिघाड नव्हे. टर्बाइन बंद पडण्याचे कारण मात्र बहुधा इंधननळीतील बुडबुडे असते, तेव्हा जोडण्या आणि गाळणी आधी तपासावी. अग्निशामक कार्बन डायऑक्साइडचे ठेवावे. पावडर टर्बाइन बिघडवते. अमिरातीत जानेवारी २०२२ मध्ये ड्रोन व हलक्या क्रीडाविमानांच्या हौशी उड्डाणांवर बंदी आली होती, म्हणून सध्याचे नियम नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाकडे विचारूनच उड्डाण करावे.