लसीकरणानंतरची इजा : भरपाईचा दावा आणि नोंदीचे महत्त्व

लस टोचल्यानंतर बालक आजारी पडले, म्हणजे ते लसीमुळेच आजारी पडले असे सिद्ध होत नाही. लसीचा काही संबंध नाही, असेही चौकशीपूर्वी म्हणता येत नाही. भातसानगर परिसरात किंवा शहापूर-मुरबाडच्या वाड्यापाड्यांवर अशी तक्रार आल्यास प्रथम तिची नोंद झाली पाहिजे.

या दृष्टीने मुंबईतील परळच्या प्लेग प्रयोगशाळेचा इतिहास उद्बोधक आहे. १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल येथे तिची लस टोचलेल्या १९ व्यक्ती धनुर्वाताने दगावल्या. प्रयोगशाळेचे प्रमुख वाल्डेमार हाफकिन यांच्यावर ठपका आला. परंतु मृत्यू पावलेल्या सर्वांना एकाच बाटलीतील लस दिली होती व ती उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता, या माहितीच्या आधारे १९०७ साली ते दोषमुक्त ठरले. दोष लसीचा की हाताळणीचा, याचा निर्णय अशा तपशिलावरच होतो.

ब्रिटनने १९७९ साली व अमेरिकेने १९८६ साली केलेल्या कायद्यांनुसार भरपाईसाठी कोणाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही. भारतात कोविड लसीसंबंधीच्या प्रकरणात केंद्र शासनाने नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे दिवाणी दाव्याचा मार्ग दाखविला. अशा दाव्यात निष्काळजीपणा व त्यामुळेच इजा झाली, या दोन्ही गोष्टी अर्जदारास सिद्ध कराव्या लागतात. शासनाविरुद्ध दावा करण्यापूर्वी सामान्यतः दोन महिन्यांची लेखी नोटीस द्यावी लागते. सर्वांनाच विनामूल्य दिली जाणारी शासकीय वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९९५ चा निर्णय आहे.

म्हणून मृत्यू, अपंगत्व किंवा रुग्णालयात दाखल करावे लागणे, असा प्रकार घडताच प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यास तात्काळ कळवावे. लसीकरण कार्ड, लसीचा बॅच क्रमांक, टोचल्याची व त्रास सुरू झाल्याची वेळ आणि उपचारांची कागदपत्रे जपून ठेवावीत. मृत्यू झाल्यास शवविच्छेदनाचे महत्त्व कुटुंबास समजावून सांगावे. त्याविना मृत्यूचे कारण बहुधा संदिग्धच राहते.

अनुसूचित जमातीच्या व्यक्ती, स्त्रिया व बालके यांना १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमान्वये, उत्पन्नाची अट न घालता, मोफत कायदेविषयक साहाय्य मिळते. कातकरी, ठाकूर व महादेव कोळी कुटुंबांपर्यंत ही माहिती शिक्षक व पंचायत सदस्यांनी पोहोचवावी. तक्रारीची दखल घेतली जाते, असा अनुभव आला तरच पुढील लसीकरण सत्रास माता आपल्या बालकांना विश्वासाने घेऊन येतील.