सरी मोजून ट्रॅक्टर घ्या

मोठ्या भरणीच्या तोंडावर आमच्या छोट्या ट्रॅक्टरची लिफ्ट उचलेना. गावच्या फिटरनं खोलून पाहिलं, तर हायड्रोलिक पंपाचं सील गेलेलं. वस्तू मुठीत मावणारी. पण ज्या एजन्सीकडून ट्रॅक्टर घेतला, तिनं तोवर त्या कंपनीचं काम सोडलेलं आणि पार्ट परराज्यातून यायचा. शिवाजी उद्यमनगरात बुश, पिन, शाफ्ट हवा तसा घडवून मिळतो, हे कोल्हापूरकराला सांगायला नको. हे सील मात्र तिथंही कुणाकडं मिळेना. पार्ट आला तोवर ऊस इतका वाढला होता की ट्रॅक्टर सरीत घालायची सोय राहिली नव्हती. भरणी माणसं लावून उरकली.

आता कुणी विचारलं, “आबा, कुठल्या कंपनीचा घेऊ?” की पार्ट कुठं मिळेल याच्याही आधी मी उलट विचारतो, “तुझी सरी किती फुटी?”

आपल्याकडच्या जुन्या लागणी तीन-साडेतीन फुटी. बहुतेक छोटे ट्रॅक्टरही जवळपास तेवढेच रुंद. अशा सरीत चाक सरळ कोंबावर चढतं. साडेचार-पाच फुटी सरी असेल तर भरणीला ट्रॅक्टर मोकळा फिरतो. खोडवा उभा असेल तर सरी बदलता येत नाही. तो निघून नवी लागण होईपर्यंत पैसे बँकेत राहू द्यावेत. रोटरही चाकांच्या बाहेरच्या कडेइतका रुंद घ्या, नाहीतर चाकानं दाबलेली माती तशीच राहते.

मग कंपनी. महिंद्राचा युवराज २१५ आणि स्वराज ७१७ हे दोन्ही १५ एचपीचे, एका सिलिंडरचे. धडधडतात, पण रचना सोपी. (महिंद्रा की स्वराज यावरून ज्या घरात अबोला धरला जातो त्यांच्यासाठी: २००७ पासून स्वराजही महिंद्राचीच आहे.) कुबोटाचा निओस्टार ए२११एन २१ एचपीचा, तीन सिलिंडरचा, महिंद्राचा जिवो २४५ हा २४ एचपीचा, दोन सिलिंडरचा. हे दोन्ही फोर व्हील ड्राइव्ह. राधानगरी-गगनबावड्याकडं भाताची चिखलणी करायची असेल तर मी याच जातीतला घेईन. २०२१ मध्ये आलेला स्वराज कोड जेमतेम तीन फूट रुंद, पेट्रोलवर चालणारा, ११ एचपीचा. अरुंद सरीत तो शिरेल, पण जड काळ्या रानात रोटर मारायला त्याच्यावर माझी भिस्त नाही.

जाहिरातीतला एचपी इंजिनाचा असतो. रोटर फिरतो पीटीओवर आणि तिथं ताकद कमी पोचते, म्हणून पीटीओचा आकडा वेगळा मागून घ्या. मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरची चाचणी होते. तिच्या अहवालात तो सापडतो. आकडा कितीही असो, पल्टी नांगराची खोल नांगरट आणि कारखान्याची ऊसवाहतूक ही कामं छोट्याची नव्हेत. नांगरटीला ५० एचपीचा ट्रॅक्टर भाड्यानंच सांगावा. एकरभरच रान असेल आणि शेजाऱ्यांची कामं घ्यायची नसतील, तर सगळंच भाड्यानं केलेलं बरं.

बुकिंगआधी तालुक्यात तोच ट्रॅक्टर वापरणारे दोघे-तिघे गाठा. मायलेज सगळेच सांगतात. तुम्ही विचारा, शेवटचा पार्ट किती दिवसांनी आला? डेमो एजन्सीच्या अंगणात घेऊ नका. पाणी दिल्यावर वाफसा आला की आपल्याच सरीत, रोटर लावून चालवायला लावा.

अनुदान हवं असेल तर महाडीबीटीवर अर्ज करून पूर्वसंमतीचं पत्र येईपर्यंत थांबा. “आधी गाडी न्या, कागद मागनं बघू” असं विक्रेता म्हणेल, पण पत्राआधीच्या तारखेचं बिल अनुदानाला चालत नाही.