जनुकोपचाराच्या प्रतीक्षेतील बाळ

स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी (एसएमए) हा आनुवंशिक विकार असलेल्या बाळांच्या पालकांचे अनुभव एकच गोष्ट बजावतात : या आजारात वेळ औषधाइतकाच मोलाचा असतो. मज्जारज्जूतील ज्या चेतापेशी स्नायूंची हालचाल घडवतात, त्यांना जगवणारे प्रथिन ‘एसएमएन-१’ या जनुकातील दोषामुळे पुरेसे तयार होत नाही, म्हणून त्या पेशी मरत जातात, आणि एकदा मेलेली पेशी कोणत्याही उपचाराने परत येत नाही. तीव्र प्रकारात सहा महिन्यांच्या आतच लक्षणे दिसू लागतात. बाळाची नजर तरतरीत असते, ते आईकडे पाहून हसते. परंतु मान धरत नाही, रडण्याचा आवाज क्षीण होतो, दूध ओढताना ते दमते आणि श्वास घेताना छाती आत ओढली जाऊन पोट वर येते. अशा वेळी ‘काही मुले उशिराच मान धरतात’ या दिलाशावर विसंबून न राहता बालमेंदूविकारतज्ज्ञांच्या सल्ल्याने रक्ताची जनुकीय चाचणी तातडीने करून घ्यावी.

अमेरिकेत २०१९ मध्ये दोन वर्षांखालील मुलांसाठी मान्यता मिळालेल्या ‘झोलजेन्स्मा’ या औषधात ‘एएव्ही-९’ या विषाणूच्या कवचातून जनुकाची निर्दोष प्रत शिरेवाटे एकदाच दिली जाते. सुमारे १६ कोटी रुपयांच्या या औषधासाठी महाराष्ट्रातही २०२१ मध्ये लोकवर्गणी उभी राहिली. मात्र ज्या बाळाच्या रक्तात या विषाणूविरुद्ध लढणारी प्रतिपिंडे जास्त प्रमाणात असतात, त्याला हे औषध सहसा देता येत नाही. म्हणून निधीसाठी आवाहन करण्यापूर्वी ही तपासणी व्हावी. निधी जमेपर्यंत बाळाचा श्वास, पोषण आणि फिजिओथेरपी यांकडे दुर्लक्ष झाले, तर उपचारातून मिळू शकणारा लाभच घटतो. त्यामुळे रोज तोंडावाटे देण्याचे ‘रिस्डिप्लाम’ हे एसएमएवरील दुसरे औषध या काळात सुरू करता येईल का, हेही डॉक्टरांना विचारावे.

झोलजेन्स्मा दिले म्हणजे उपचार संपला, असे समजणे घातक आहे. यकृताला सूज येऊ नये म्हणून आदल्या दिवसापासून स्टेरॉइड सुरू करतात आणि ते किमान महिनाभर देऊन, रक्ततपासण्या पाहत, हळूहळू कमी करतात. झोलजेन्स्मानंतर यकृत निकामी होऊन दोन मुले दगावल्याची नोंद २०२२ मध्ये झाली. त्यामुळे स्टेरॉइड परस्पर बंद करू नये, लसीकरणाचे वेळापत्रक डॉक्टरांना विचारूनच ठरवावे आणि कावीळ, सततच्या उलट्या, कमी झालेली लघवी किंवा त्वचेवरील लालसर ठिपके दिसताच रुग्णालय गाठावे.

आई-वडील दोघेही सदोष जनुकाचे वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा विकार होण्याची शक्यता २५ टक्के असते, म्हणून पुढील अपत्याचा विचार करण्यापूर्वी त्यांनी जनुकीय समुपदेशन घ्यावे आणि आपल्या भावंडांनाही वाहक-चाचणीविषयी मोकळेपणाने सांगावे. कारण या विकारात दोष कोणाच्याही माथी मारण्याजोगा नसतो, पण माहिती दडवण्याची किंमत पुढच्या बाळाला मोजावी लागू शकते.